पायधुणीचा दगड

रामटेक, १९ जानेवारी

ऋषी,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते आहे. पोचले तर घे, नाहीतर परत पाठव, मला इथे लागतील.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा देऊन मोकळा होतोस. बापूजींना लकवा मारल्याचं दिवाळीनंतर कळवलं, तेव्हाही खुणाच आल्या. म्हणून हा कागद. तो फाडायला निदान हात तरी लागतील. शिवाय मला फोनवर बोलताही येत नाही. बापूजींची खाट आता पुढच्या खोलीत आहे. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली, मोतीबिंदूनं नजर दारापलीकडे जात नाही, पण कान शाबूत आहेत. मी मागच्या अंगणात कुजबुजले तरी आतून विचारतात, "कोनाशी बोलून राहिली वं?" आणि तुला जे सांगायचं आहे ते त्यांच्या कानावर जाता कामा नये.

आपल्या पानमळ्याला मर लागली आहे.

विहिरीकडच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात झाली. पान आधी नुसती मान टाकतं. वाटतं, पाणी कमी पडलं. पाणी दिलं की आणखी मान टाकतं. मग पानं पिवळी पडून गळतात आणि वेल शेवरीच्या झाडाला तशीच लटकून राहते. बुडाशी उकरून पाहिलं तर सगळं काळं, बुळबुळीत, आणि सडक्या मासळीचा वास. शेजारच्या बळीरामकाकांचा मळा गेल्या पावसाळ्यात ह्याच रोगानं गेला, तेव्हा आम्ही कुंपणाच्या अलीकडून हळहळलो होतो. हळहळणं सोपं असतं.

तू विसरला असशील म्हणून सांगते. आपली वेल कोणी पेरलेली नाही. पणजोबांनी आणलेली ती एकच, दर वर्षी वसंतात तिची उतरण करायची, म्हणजे शेवरीवरून सोडायची, वळी करून बुडाशी पुरायची, फक्त शेंडा वर ठेवायचा, की ती पुन्हा चढते. म्हणजे पणजोबांनी हातात धरली होती तीच वेल आजही उभी आहे. बाजारात कपुरी पानाचं बेणं मिळेल, ही मिळणार नाही. बापूजी ह्या वेलीसाठीच अजून श्वास घेताहेत असं मला वाटतं. रोज सकाळी विचारतात, "उतरन कधी करून राहिलो आपण?"

शिवरात्रीच्या सुमाराला उतरण करायची असते. तू ये. तुझ्या रागाचा मान ठेवून सांगते, बापूजींसाठी नको येऊस, माझ्यासाठी ये. माझ्या एकटीच्यानं हे होत नाही.

आणखी एक. आईनं तुला आणि नूपुरला जाताना ओल्या फडक्यात गुंडाळून ह्या वेलीची एक कांडी दिली होती, हे मला माहीत आहे. बापूजींना माहीत नाही. ती जगली का?

कामिनी


रामटेक, २ फेब्रुवारी, वसंत पंचमी

ऋषी,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी रोज अशी पाहते की तो बिचारा आता सायकल वळवून मागच्या गल्लीनं जातो.

आज वसंत पंचमी. दर वर्षी आजच्या दिवशी आई पहिल्या ओळीतल्या पहिल्या वेलीला हळदकुंकू लावून नारळ फोडायची. मी आज गेले, तर पहिली ओळच नाही. ती मी उपटून जाळली. आता तिसरी ओळ मान टाकते आहे. हळदकुंकू चौथ्या ओळीला लावलं आणि परत आले.

मी काय हातावर हात ठेवून बसलेली नाही. निंबोळी पेंड टाकली. ट्रायकोडर्मा, ती रोग खाणारी बुरशी, आणून शेणखतात मुरवला, ओलं पोतं झाकून ठेवला आणि प्रत्येक बुडाशी मूठमूठ दिला. आंबट ताक फवारलं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बुडांना लावलं. पाट बंद करून जमीन सुकवली, तर निरोगी ओळीही तहानल्या. इकडे आड तिकडे विहीर. कृषी सेवा केंद्रातला माणूस म्हणाला, "ताई, एक पावरफुल औषध आहे, एकदा मारा ना, कोणाले काय समजते." मी बाटली हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. मग बापूजींचं ते नेहमीचं वाक्य आठवलं. पान थेट तोंडात जातं, शिजत नाही, सोललं जात नाही, देवापुढे ठेवतो तेच बाळंतिणीला देतो. बाटली परत ठेवली. बापूजींचं ऐकायची सवय माझ्या हाडात गेली आहे, तुझ्यासारखं मला निघून जाता आलं नाही.

आता माझी थोरवी ऐक. बापूजींना दात नाहीत, पण दुपारचं जेवण झालं की कुटलेलं पान लागतं, तेही आपल्या मळ्यातलं. चांगली पानं संपली तेव्हा मी गुपचूप बसस्टँडजवळच्या पानठेल्यावरून आणली. खलबत्त्यात कुटून दिली. त्यांनी गालात धरली आणि म्हणाले, "कोन्या ओळीचं आहे वं हे?"

"सातवीचं, बापूजी."

"सातवीचं असं नाही लागत. पानी कमी देऊन राहिली का तू? का आळस करून राहिली?"

"थोडा आळस झाला."

"माय गेली तं मळाबी गेला म्हना की मंग," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ऋषी, मी दिवसभर त्या मळ्यात कंबर मोडून घेते आणि घरात येऊन आळशी ठरते. पण खरं सांगण्यापेक्षा आळशी ठरणं बरं. मेलेली वेल त्यांना सहन होणार नाही, आळशी मुलगी होईल. कुहीचं सासर सोडून परत आले तेव्हापासून त्यांना मी बरीच सहन झाले आहे.

तू मनात म्हणत असशील, भोगा आता. म्हण. नूपुरला त्यांनी मळ्याच्या फाटकाशी अडवलं तो दिवस मी पाहिला आहे. आपल्या घरी नवी सून आली की तिनं एक वेल लव्हाळ्यानं शेवरीला बांधायची, मग ती ह्या घरची. पोरीनं वेलीला ओरखडा नको म्हणून अंगठीसुद्धा काढून ठेवली होती, लव्हाळा भिजवून हातात घेतला होता, पायधुणीच्या दगडावर पायही धुतले होते. आणि बापूजी म्हणाले, "पोरी, तू बाहेर थांब. तुह्या घरी कोनी मळा पाहिला नाही." ती उन्हात ओला लव्हाळा धरून उभी. तू म्हणालास, "ते बाहेर तं मीबी बाहेर." बरोबर बोललास. पण तू फाटकातून वळलास तेव्हा तो लव्हाळा मातीतून आईनं उचलला आणि तिनंच ती कांडी तोडली. तुझ्या बाजूनं ह्या घरात कोणीच नव्हतं असं समजू नकोस.

कामिनी


रामटेक, ११ फेब्रुवारी

ऋषी,

रोग कुठून आला ते मला कळलं. कळून काही उपयोग नाही, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न जाणार नाही.

परवा काटोलहून जितेंद्र आला होता, आतेभाऊ. त्याच्याकडे संत्र्याला डिंक्या होतो म्हणून ह्या जातीच्या रोगाचं त्याला कळतं. सगळा मळा फिरला, बुडं हुंगली, माती मुठीत दाबून पाहिली. मग मला म्हणाला, "ताई, हे वाऱ्यानं येत नाही. पान्यानं येते, नाहीतं पायानं. तुमच्या मळ्यात बाहेरचं कोन येऊन राहिलं होतं?"

मी हसले. आपल्या मळ्यात बाहेरचं कोण येणार! आंघोळ केल्याशिवाय नाही, चप्पल घालून नाही, पायधुणीच्या दगडावर पाय धुतल्याशिवाय तर बापूजींनी एकदा तहसीलदारालाही आत घेतलं नव्हतं. आपल्या मळ्याइतका सोवळा मळा अख्ख्या रामटेकात नसेल. जितेंद्रनं चहा घेतला आणि बस धरली.

आज सकाळी बळीरामकाका आले. स्वतःचा मळा गेल्यापासून ते एका शाळेत राखणदारी करतात, पण सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे येऊन वेलींत उभं राहतात. चप्पल फाटकाबाहेर काढली, दगडावर उभे राहिले आणि विहिरीच्या पाण्यानं टाचा घासून घासून पाय धुतले. तो दगड कुठे आहे तुला आठवतं ना? पाटाच्या तोंडाशी. बापूजींनीच बसवला, म्हणजे पाय धुतलेलं पाणी वाया जात नाही. मी तिथेच उभी होते. काकांच्या पायांची माती पाण्यात उतरली, गढूळ पाणी पाटात गेलं आणि पाट पहिल्या ओळीला मिळाला, मग दुसरीला, मग तिसरीला. ज्या क्रमानं पाणी गेलं त्याच क्रमानं माझ्या ओळी मेल्या आहेत.

मग आठवलं. श्रावणात आई गेली. सुतकात आपल्याला मळ्यात पाय टाकता येत नाही, भाऊबंदांनाही नाही. अशा वेळी शेजारच्या मळ्यानं पाणी द्यायचं, ही इथली रीत. तू स्मशानातूनच परत गेलास, म्हणून तुला माहीत नाही. सुतक फिटेपर्यंत आपला मळा बळीरामकाकांनी सांभाळला. त्यांचा स्वतःचा तेव्हा सडत होता. सकाळी आपल्या सडत्या वेली उपटायच्या, आंघोळ करून इकडे यायचं, दगडावर पाय धुवायचे आणि आपल्याला पाणी द्यायचं. आंघोळीनं माणूस शुद्ध होतो, टाचांच्या भेगा होत नाहीत.

मी दगडाकडे बघत उभी होते, तर काका म्हणाले, "काहून वं पोरी, अशी काहून पाहून राहिली?"

"काही नाही काका."

"तुही माय गेली तेव्हा मी किती जपलं वं ह्या मळ्याले. देवाले म्हनलं, माहा गेला तं गेला, ह्यायचा जगू दे. रोज पाय असे घासून धुतले, म्हनलं माही पनवती इकडे नको याले."

मी त्यांना चहा करून दिला. दुसरं काय करणार होते? ज्याला शिव्या द्याव्यात असा कोणी सापडला असता तर फार बरं झालं असतं. रीत पाळली, मन लावून पाळली, आणि तिनंच घात केला. आता हे मी काकांना सांगू, की बापूजींना? दोघंही ह्या दगडावर जन्मभर उभे राहिलेले. म्हणून तुला सांगते आहे. तू दूर आहेस, तुला ऐकून झोप लागेल.

पाटाचं पाणी बंद केलं आहे. कळशीनं एकेका बुडाला घालते. उशीर झाला आहे हे मला दिसतं, तरी घालते.

कामिनी


रामटेक, १९ फेब्रुवारी

ऋषी,

काल मी तुझ्या घराखाली आले होते.

इथल्या पानठेल्यावरची पानं बापूजींच्या जिभेला खटकतात, म्हणून बापूजींना शेजारणीवर सोपवून पहाटेच्या बसनं नागपूरला पानांच्या बाजारात गेले. वाटलं, तिथं तरी आपल्या चवीच्या जवळचं काही मिळेल. टोपल्यांवर टोपल्या चाखून पाहिल्या, तोंड रंगून माकडासारखं झालं, एकही पान आपलं निघालं नाही. मग गणेशपेठेतून परतीची बस धरायची, तर पाय मानेवाड्याच्या सिटी बसकडे वळले. तुझा पत्ता मला पाठ आहे, दर वेळी पाकिटावर लिहिते ना.

समोरच्या किराणा दुकानाच्या सावलीत उभी राहिले. गॅलरीत नूपुर होती. आणि ग्रिलवर, ऋषी, आपली वेल होती. मी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत मागे काहीतरी हिरवं पाहिलं होतं, पण वाटलं होतं मनीप्लांट असेल, शहरातल्या लोकांना तेवढंच जगवता येतं. ही आपलीच. पानाच्या खांद्याला तो बाक दुसऱ्या कोणाच्या वेलीला नाही. नूपुर एक फांदी ग्रिलला बांधत होती, सुतळीनं नाही, भिजवलेल्या केळीच्या सोपटानं. घाई न करता, सैल, बोट आत जाईल इतकी जागा ठेवून. हे तिला कोणी शिकवलं? आईशी तिचं फोनवर बोलणं होत असे काय? असेल. ह्या घरात माझ्यामागे बरंच काही होत असे, असं आता दिसतं.

मी रस्ता ओलांडला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि माझ्याच पायांकडे पाहिलं. पहाटे निघायच्या आधी मी मळ्यात कळशा घातल्या होत्या. टाचांना माती, साडीच्या काठाला माती. ती माती मी वर तुमच्या दारात नेणार होते. तिथून गॅलरी किती लांब?

मी परत फिरले. उद्या नूपुर म्हणाली की कोणी बाई खाली येऊन वर न येता गेली, तर तिला सांग, तो माज नव्हता.

आता मागणं. मी आजवर तुला ये म्हणत होते, आता म्हणत नाही. मला थोडी पानं पाठव. वेल नको, कांडी नको, फक्त पानं, बापूजींच्या दोन-चार दुपारी भागतील इतकी. रामटेकच्या बसच्या कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर घेईन. ते दिवसेंदिवस कमी बोलतात. परवा पान तोंडात घेतलं आणि हळूच काढून वाटीत ठेवलं. मला रागावलेही नाहीत. ते रागावले नाहीत तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आतल्या ओळी सगळ्या गेल्या. कुंपणाकडची एक हिरवी दिसते, पण बूड काळं पडायला लागलं आहे.

कामिनी


रामटेक, २८ फेब्रुवारी

ऋषी,

पानं काल पोचली. कंडक्टरनं हातात पुडकं दिलं आणि मी ते स्टँडवरच सोडून पाहिलं. आईच्या जांभळ्या लुगड्याचा तो तुकडा तुम्ही जपून ठेवलात. त्याच फडक्यात कांडी गेली होती, त्याच फडक्यात पानं परत आली. तू एक ओळही लिहिली नाहीस. बरं केलंस, मला वाचता आली नसती.

आता कालच्या दुपारचं सांगते, आणि हे नूपुरला वाचून दाखव.

पान कुटून दिलं. बापूजींनी गालात धरलं, डोळे मिटले. मग डावा हात उचलून माझं मनगट धरलं.

"आलं," म्हणाले. "हे आपलं. सुधरला मळा."

मी म्हटलं, "हो."

"पन कोनी बांधली वं हे वेल? तुहा हात नाही हा. तू कचकचून बांधते, पानाले कडूपना येते."

"एक बाई ठेवली आहे बापूजी, मदतीले."

"तिले सोडू नको," म्हणाले. "हात हलका आहे तिचा. मळ्याच्या घरची असन."

ऋषी, हे ऐकायला ती पोर उन्हात उभी होती. आणि त्यांनी म्हटलं तेव्हा ऐकायला मी एकटी. मला ओरडून सांगायचं होतं, पण सांगितलं तर पान कुठून आलं ते सांगावं लागतं, आणि मग मळ्याचं. मी वाटी उचलून आत गेले.

पण सुख मला पचत नाही. पान गिळलं न गिळलं तोच म्हणाले, "मंग आता उतरन करा. माही खाट मागच्या दाराशी न्या. मले दिसत नाही, पन ऐकू येते."

आज बळीरामकाकांना बोलावलं. त्यांना सगळा मळा दिसतच होता. दोघांनी खाट दाराशी नेली, आणि मग मेलेल्या मळ्याची उतरण केली. जिवंत वेल उतरवताना आवाज होत नाही, नुसती सळसळ होते. वाळलेली काडकाड मोडते. बापूजींना ते लगेच कळलं असतं. म्हणून मी सकाळपासून कळशांनी सगळ्या वाळक्या वेली भिजवून नरम केल्या होत्या. एकेक सोडली, वळी केली, बुडाशी ठेवली, वर माती लोटली. शेंडा वर ठेवायचा असतो, तोही ठेवला. काका माती लोटत होते आणि त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं. बापूजी दारातून सांगत होते, "वळी मोठी ठेव वं. दाबू नको. तिले श्वास घेऊ दे."

सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "झाली?"

"झाली, बापूजी."

"बेस झालं," म्हणाले, आणि तिथेच झोपले. इतके शांत मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. मी हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. स्मशानातून आल्यावर धुतात तसे.

कामिनी


रामटेक, १६ मार्च

ऋषी,

तुझं पत्र आलं. अक्षर तसंच आहे, मुंग्यांची रांग. "ताई, पाडव्याला कुंडी घेऊन येतो, नूपुरही येते म्हणते, सगळे मिळून मळ्यात वेल लावू, बापूजींच्या समोर." मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. जानेवारीपासून मी ह्याच एका वाक्यासाठी पोस्टमनला छळत होते.

वेल आणू नकोस.

नीट वाच, रागावू नकोस, माझ्यात आता भांडायची ताकद नाही. जितेंद्रला मी पुन्हा बोलावलं होतं. त्याला मी एकच विचारलं, नवी वेल लावली तर? त्यानं माती हातात घेतली, खाली टाकली आणि म्हणाला, "ताई, तुह्या जागी मी असतो तं ह्या मातीत बरीच वर्षं वेल लावली नसती. ते आत बसलेलं असते, पान्याची वाट पाहत." मी म्हटलं, पेंड घालीन, ट्रायकोडर्मा घालीन, ताक घालीन. तो म्हणाला, "घाल ना. झेंडू लाव, ज्वारी लाव. पन जीव असलेली वेल लावू नको."

पणजोबांच्या हातची वेल आता पृथ्वीवर एकाच ठिकाणी आहे, मानेवाड्यात, तुझ्या गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत. ती तू इथे आणलीस तर आपल्या हातानं मारशील. मारायचं काम ह्या घरात पुरेसं झालं आहे.

तिला मोठी कुंडी घ्या. बुडाशी पाणी साचू देऊ नका, तळाला विटांचे तुकडे घाला. शेणखत वापराल तर आमच्या बाजूचं नको, कुठल्याही पानमळ्याच्या गावचं नको. वसंत आहे, उतरण करायची वेळ निघून चालली आहे. ती नूपुरनं करायची. कशी करायची ते तिला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. मी कचकचून बांधते.

बापूजी रोज सकाळी विचारतात, "कोंब दिसले का वं?" मी म्हणते, अजून नाही. ते म्हणतात, "येतीन. आपली वेल हाय ते." मला कळत नाही की किती दिवस मी अजून नाही म्हणत राहणार. कधी वाटतं त्यांना सगळं माहीत आहे आणि ते माझ्यासाठी विचारतात. काल मी पाणी द्यायला म्हणून कळशी घेऊन गेले, सवयीनं, आणि वेलींवर लोटलेल्या मातीकडे पाहत बसले. मी ह्या वयात कुठे जाऊ, काय लावू, मला काही सुचत नाही. सकाळी उठायचं कशासाठी हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. मळा होता.

तू ये. पाडव्याला ये, नूपुरला घेऊन ये, पण रिकाम्या हातांनी. बापूजींच्या खाटेशी मी तिला नेईन आणि सांगेन, बापूजी, ही ती बाई, हलक्या हाताची. मग त्यांना जे समजायचं ते समजू दे, मी आता काही लपवणार नाही. तिनं त्यांना पान कुटून द्यावं, तुमच्या गॅलरीतलं, येताना फडक्यात आणलेलं. पानं चालतील. वेल नको.

आणि एक ऐक. पायधुणीचा दगड मी पहारीनं उपटला. बळीरामकाका म्हणाले, "देवाचा दगड काहून हलवून राहिली वं?" मी म्हटलं, देवाचाच आहे, जागा चुकली होती. पाटाच्या तोंडापासून ओढत फाटकाबाहेर आणला, रस्त्याच्या कडेला, जिथलं पाणी नालीत जातं. शेजारी चुन्याच्या पाण्याची बादली भरून ठेवली आहे.

आजवर ह्या मळ्यात शिरताना सगळ्यांनी पाय धुतले. तुम्ही येताना धुऊ नका, सरळ या, चपला घालून या, नूपुरला सांग की तिला आता कोणी अडवणार नाही, अडवण्यासारखं आत काही राहिलेलं नाही. पण निघताना त्या दगडावर उभे राहा, दोघंही. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, चपलांचे तळ, सगळं. ह्या मातीचा एक कणसुद्धा तुमच्यासोबत मानेवाड्याला जाता कामा नये. घाई करू नका.

तिला वाकू देऊ नकोस. तिच्या पायांवर पाणी मी घालीन.

कामिनी